माणसे धरणारे, पण कशाने?

धर्मांतराचा वाद कुठेही पेटला की बायबलमधले एक वाक्य हमखास पुढे केले जाते. गालील समुद्राच्या, खरे तर एका सरोवराच्या, काठी शिमोन आणि अंद्रिया हे दोघे भाऊ जाळे टाकत असतात. येशू त्यांना आपल्यामागे बोलावतो आणि म्हणतो, मी तुम्हांला माणसे धरणारे करीन. विरोधक म्हणतात, घ्या, यांच्याच ग्रंथातली कबुली: गळाला आमिष लावायचे, भोळा मासा लागला की ओढायचा. उत्तर द्यायला उभे राहणारे तरी काय करतात? तेही तोच गळ उचलतात. जसा मासा तसे आमिष हवे, धीर धरायला हवा, दोर हळूहळू गुंडाळायला हवा, असली रूपके प्रवचनांतून सर्रास ऐकू येतात. एकाला त्या गळाचा संताप, दुसऱ्याला कौतुक, पण गळ आहे हे दोघांनीही गृहीत धरलेले. माझे म्हणणे असे की त्या वाक्यात गळ मुळीच नाही. तिथे जाळे आहे, आणि पहिल्या शतकात त्या सरोवरावर जाळ्याचा अर्थ ‘फूस लावणे’ असा कोणी लावलाच नसता. ऐकणाऱ्याच्या मनात जे येत असेल ते याहून पुष्कळ गंभीर होते, आणि ते समजून घ्यायचे तर आधी साधने नीट पाहावी लागतात.

या घोळाला आपली भाषाही थोडी कारण आहे. ‘आमिष’ म्हणजे मुळात मांस. गळाला मांसाचा तुकडा लावतात म्हणून तो शब्द लालूच या अर्थाने रुळला, आणि धर्मांतरविरोधी कायद्यांची मराठीतली सगळी चर्चा आज त्याच शब्दाभोवती फिरते. ओडिशाचा कायदा १९६७ चा, मध्य प्रदेशचा १९६८ चा. दोन्हींवर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये निकाल दिला आणि धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे सांगितले. तो निकाल कोणाला पटो वा न पटो, अमक्याने तमक्याला पैसे, नोकरी किंवा धाक दाखवला का, हा पुराव्याचा प्रश्न आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रूपकातून त्याचे उत्तर कसे निघणार? दुसरी अडचण भाषांतराची. येशूचे चरित्र सांगणाऱ्या मार्क आणि मत्तय यांच्या ग्रीक वाक्यात ‘धरणे’ हे क्रियापद नाहीच. तिथे ‘हालिएइस’ हे नाम आहे, म्हणजे कोळी, मच्छीमार. शब्दशः म्हणायचे तर ‘माणसांचे कोळी’. मराठीत ‘मासे’ आणि ‘माणसे’ कानाला जवळचे असल्यामुळे ‘माणसे धरणारे’ हा प्रयोग फार सुबक बसला, हे मान्य. पण ‘धरणारे’ म्हटले की सगळे लक्ष मासा हाती लागण्याच्या एका क्षणावर जाते. कोळी म्हटले की रात्रभराचे काम, दोर, होडी, जाळी धुणे, वाळवणे, सांधणे, वाटे आणि जकात, असा सगळा धंदा डोळ्यांपुढे उभा राहतो. येशूने त्या दोघांना धंद्याच्या नावाने हाक मारली होती.

त्या क्षणी त्यांच्या हातात नेमके काय होते? मत्तय त्याचे नाव देतो, ‘अँफिब्लेस्ट्रॉन’, आणि मार्क त्याच शब्दाचे क्रियापद वापरतो. अर्थ, भोवताली फेकायचे जाळे. कोकणात आपण त्याला पाग म्हणतो. गालीलमधले हे जाळे गोल, सुमारे सहा ते आठ मीटर व्यासाचे, आणि त्याच्या कडेला शिशाचे वजन बांधलेले असे. एकटा माणूस कमरेएवढ्या पाण्यात किंवा होडीच्या नाळेवर उभा राहतो, जाळ्याच्या घड्या एका दंडावर घेतो, अंगाला हिसडा देऊन ते फिरवत सोडतो. नीट उघडले तर ते छत्रीसारखे पसरून पाण्यावर सपाट पडते, कडेचे वजन आधी बुडते आणि मासळीवर घुमट बसतो. मग एकतर बुडी मारून मासे एकेक काढायचे, नाहीतर पाण्याखाली कड गोळा करून सगळे एकदम वर घ्यायचे. चुकते कुठे? हिसडा कमी पडला तर जाळे गोल न उघडता गाठोड्यासारखे पडते. पाणी खोल असेल तर कड तळाला टेकण्याआधीच मासा खालून निसटतो. तळ दगडाळ असेल तर कड नीट बसत नाही. फेकणाऱ्याची सावली आधी पाण्यावर पडली तर थवाच उधळतो. या सगळ्यात कौशल्य आहे ते नजरेचे, खांद्याचे आणि वेळेचे. आमिष लावायला या जाळ्यात जागाच नाही. बुडी मारायची म्हणून हा माणूस अंगावर कपडेही फारसे ठेवत नसे. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पेत्र, म्हणजे हाच शिमोन, उघडा असतो, प्रभू किनाऱ्यावर आहे हे कळताच अंगरखा कमरेला बांधून पाण्यात उडी घेतो. वाचणाऱ्याला ते विचित्र वाटते, कोळ्याला वाटणार नाही.

लूकने हाच बोलावण्याचा प्रसंग वेगळा सांगितला आहे, आणि तिथे जाळेही बहुधा वेगळे आहे. रात्रभर कष्ट केले, काही लागले नाही, आणि सकाळी कोळी काठावर जाळी धूत बसले आहेत. मेंडेल नुन हे या सरोवराकाठच्या एन गेव किबुत्झमध्ये, म्हणजे इस्रायलमधल्या एका सामूहिक वसाहतीत, राहणारे मच्छीमार आणि संशोधक. त्यांनी आयुष्यभर या सरोवराची मासेमारी अभ्यासली, काठावरचे प्राचीन दगडी नांगर आणि जाळ्यांची वजने गोळा केली. त्यांच्या मते हे तीन पदरी जाळे असले पाहिजे. बाहेरच्या दोन पदरांचा आस, म्हणजे जाळ्याचे छिद्र, मोठा असतो. मधला पदर बारीक आसाचा आणि सैल सोडलेला असतो. मासा बाहेरच्या मोठ्या आसातून सहज आत शिरतो, मधल्या सैल पदराला ढुशी देतो आणि तो पदर घेऊनच पलीकडच्या मोठ्या आसातून बाहेर पडू पाहतो. झाली थैली तयार. आता मागे फिरता येत नाही, पुढे जाता येत नाही. ही जाळी जवसाच्या झाडाच्या धाग्याची, म्हणजे लिननची असत. दिवसा ती मासळीला दिसत, म्हणून काम रात्रीचे. आणि लिनन ओले ठेवले की कुजते. म्हणून रोज सकाळी गाळ, शेवाळ आणि खवले धुऊन काढायचे, जाळे उन्हात पसरायचे, फाटलेला आस शोधून सांधायचा. त्या सरोवरातल्या मुश्त माशाच्या पाठीवर काट्यांची रांग असते, त्यामुळे मासा सोडवताना धागा तुटणे हे रोजचेच. सुवार्तेत जाळी धुणारे आणि सांधणारे कोळी दिसतात ते देखाव्यासाठी आलेले नाहीत. या धंद्यातले निम्मे काम तेच होते.

तिसरे जाळे दाखल्यात येते. स्वर्गाचे राज्य समुद्रात टाकलेल्या जाळ्यासारखे आहे, असे मत्तयाच्या तेराव्या अध्यायात म्हटले आहे, आणि तिथला ग्रीक शब्द आहे ‘सागेने’. मालवणच्या वाचकाला हे जाळे समजावून सांगायला नको, कारण ही रापणच आहे. जाळ्याचे एक टोक काठावर माणसे धरून ठेवतात, होडी अर्धवर्तुळ घेत जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक दूरवर काठाला लावते. वरच्या दोराला तरंगते तुकडे, खालच्या दोराला वजन, म्हणजे पाण्यात भिंत उभी राहते. मग दोन्हीकडच्या तुकड्या ओढत ओढत जवळ येतात. गालीलमध्ये अशी जाळी अडीचशे-तीनशे मीटर लांब असत आणि ओढायला पंधरा-सोळा माणसे लागत. जाळ्याच्या वाटेत जे येईल ते सगळे काठावर येते: मुश्त, मिशाळ बार्बेल, बारीक सार्डिन आणि बिनखवल्याचा मांगूरच्या जातीचा मासा. लेवीय अकराव्या अध्यायाप्रमाणे पंख आणि खवले दोन्ही असलेलाच मासा खायला चालतो, म्हणून हा मांगूर यहुदी घरात जाणार नाही. दाखल्यातले कोळी काठावर बसून चांगले टोपल्यांत भरतात आणि वाईट फेकून देतात. ‘वाईट’ म्हणजे सडलेले असा समज अनेक प्रवचनांत दिसतो, पण आत्ताच पाण्यातून आलेला मासा सडेल कसा? ते बिनखवल्याचे, निषिद्ध मासे. दाखल्याचा अर्थ लावताना येशू निवड देवदूतांकडे सोपवतो, जाळे ओढणाऱ्यांकडे नाही. रापण ओढणाऱ्याला पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे तो कोणाला हेरत नाही, कोणाची दुबळी बाजू शोधत नाही, कोणाला चुचकारत नाही. गळाचे रूपक लावणाऱ्या दोन्ही बाजूंना हा दाखला नेमका गैरसोयीचा आहे.

आता विरोधी बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे. पहिला अगदी उघड आहे: नव्या करारात गळ आहेच. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात मंदिराच्या कराची वसुली करणारे पेत्राला गाठतात, तुमचा गुरू कर भरत नाही का, असे विचारतात. येशू पेत्राला सांगतो, सरोवरावर जा, गळ टाक, पहिल्या माशाच्या तोंडात नाणे सापडेल, ते माझ्या आणि तुझ्या वतीने दे. कर माणशी दोन द्राख्मांचा, नाणे चार द्राख्मांचे, हिशेब बरोबर जमतो. ‘अंकिस्ट्रॉन’, गळ, हा शब्द नव्या करारात इथे एकदाच येतो. पण इथे गळाने काय धरले आहे? माणूस नाही, अनुयायी नाही, जेवणाचा मासाही नाही. कर भरायला लागणारे नाणे. आमिषाचा उल्लेख या प्रसंगातही नाही. भर म्हणजे पर्यटकांना ‘सेंट पीटरचा मासा’ म्हणून जो मुश्त वाढतात तो मुख्यतः पाण्यातले सूक्ष्म जीव आणि वनस्पती खातो. नुन यांनी दाखवून दिले की तो गळाला लागत नाही, पेत्राचा मासा बार्बेल असला पाहिजे. ज्या सरोवराच्या मुख्य खाद्य माशाला आमिषाशी देणेघेणे नाही, तिथल्या कोळ्यांच्या तोंडी धंद्याचे रूपक आमिषाचे असेल का?

गळाबद्दल अजून एक गोष्ट तालमूद या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथात आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. यहोशवाने जमीन वाटून देताना दहा अटी घातल्या अशी परंपरा ‘बाबा कम्मा’ या भागात नोंदली आहे. त्यातली एक अशी की तिबिर्याच्या, म्हणजे याच गालीलच्या, सरोवरात गळाने मासे धरायला सर्वांना मुभा आहे. मात्र होड्यांची वाट अडेल असा अडथळा पाण्यात उभारता येणार नाही. म्हणजे गळ हा वाटसरूचा हक्क. काठी, दोरा, आकडा, संपले. जाळ्याची गोष्ट वेगळी, त्याला भांडवल लागते, होडी लागते, माणसे लागतात. तालमूदमध्येच तिबिर्याच्या ‘हरामीं’चा उल्लेख आहे, आणि हे नाव ‘हेरेम’, म्हणजे ओढायचे जाळे, या हिब्रू शब्दावरून आलेले. सणाच्या मधल्या दिवसांत काम न करण्याचे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले होते. धंद्याच्या साधनावरून त्यांना नाव मिळाले आणि त्यांनी एकत्र ठरावही केला. आपल्या रापणकर संघांची आठवण होते ती उगाच नाही. गळवाला एकटा असतो, जाळेवाल्यांचा समुदाय होतो. लूकने पेत्राच्या जोडीदारांना दोन शब्द वापरले आहेत, दोन्हींचा अर्थ भागीदार. मार्क सांगतो की जब्दीच्या, म्हणजे येशूने नंतर बोलावलेल्या याकोब आणि योहान या भावांच्या बापाच्या, होडीत मजूरही होते.

दुसरा मुद्दा जास्त जड आहे. कोणी म्हणेल, गळ नसेल, जाळे असेल, पण माशाच्या बाजूने विचार करा. गळाला निदान मासा स्वतः तोंड लावतो, जाळ्यात तर त्याला विचारतच नाही. मग जाळ्याचे रूपक अधिक जुलमी नाही का? हा आक्षेप खरा आहे, आणि बायबलच्या आधीच्या भागात तोच अर्थ भरलेला आहे. हबक्कूक संदेष्टा खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या आक्रमणाबद्दल तक्रार करतो ती अशी: तू माणसांना समुद्रातल्या माशांसारखे करून टाकले आहेस, हा शत्रू सगळ्यांना गळाने वर काढतो, जाळ्यात ओढतो, पागात गोळा करतो, आणि मग आपल्या जाळ्यालाच यज्ञ करतो, त्याच्यापुढे धूप जाळतो. साधनाचीच पूजा! हे कवीचे कल्पनेचे खेळ नव्हेत. मेसोपोटेमियातल्या लगश नगरीचा गिधाडांचा शिलास्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, साडेचार हजार वर्षांच्या आसपासचा. त्यावर निनगिर्सू देवाने शत्रूचे सैनिक मोठ्या जाळ्यात कोंबून धरले आहेत आणि वर डोकावणाऱ्या एकाच्या टाळक्यात गदा घातली आहे. गळाचेही तसेच. आमोस शोमरोनातल्या श्रीमंत बायकांना बजावतो की तुम्हांला आकड्यांनी ओढून नेतील, मागे उरलेल्यांना मासे धरायच्या गळांनी. अश्शूरचा राजा एसारहद्दोन याचा झिंजिर्लीला सापडलेला, आता बर्लिनमध्ये असलेला शिलास्तंभ पाहिला की त्या धमकीचे रूप कळते: राजाच्या हातातले दोर थेट दोन कैद्यांच्या ओठांतल्या कड्यांना बांधलेले आहेत. या जगात गळ म्हणजे लालूच नव्हती. गळ म्हणजे ओठातून आरपार गेलेले लोखंड.

म्हणून येशूचे वाक्य ऐकणाऱ्या गालीलच्या माणसाला आधी काय आठवले असेल? बहुधा यिर्मया संदेष्टा. सोळाव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, मी पुष्कळ कोळी बोलावीन, ते त्यांना धरतील, मग पुष्कळ पारधी बोलावीन, ते त्यांना डोंगराडोंगरांतून आणि खडकांच्या कपारींतून हुडकून काढतील. हे न्यायाचे, झाडाझडतीचे चित्र आहे. कोणी लपू शकणार नाही. त्याच्या लगेच आधी बंदिवासातून परत आणण्याचे वचन आहे, म्हणून हे कोळी विखुरलेल्यांना गोळा करणारे आहेत असेही काही अभ्यासक वाचतात, आणि तो अर्थ अगदीच टाकाऊ नाही. पण गोळा करणे असो की झडती असो, चुचकारणे कुठेच नाही. यहुदी पंथांच्या लिखाणातही जाळ्याची हीच छाया आहे. कुमरानच्या गुहांत ज्याचे तुकडे सापडले त्या दमास्कस दस्तऐवजात बलियाल, म्हणजे सैतान, इस्राएलला तीन जाळ्यांत पकडतो असे म्हटले आहे: व्यभिचार, संपत्ती आणि मंदिराचा विटाळ. लोभाने माणूस अडकतो हे चित्र तिथे जरूर आहे, पण ते जाळे टाकणारा सैतान आहे. असे असताना एका सुताराने चार कोळ्यांना ‘माणसांचे कोळी’ व्हायला सांगावे, आणि तेही देवाचे राज्य जवळ आले आहे, पश्चात्ताप करा, या घोषणेनंतर लगेच, याचा अर्थ हिशेबाचा दिवस आला आहे आणि तुम्ही त्या कामाला लागा असाच निघतो.

हे मान्य केले की ख्रिस्ती बाजूलाही सोयीस्कर गोडवा सोडावा लागतो. हे वाक्य सौम्य नाही. ते सगळ्या माणसांवर दावा सांगते. ज्याला हा दावाच मान्य नाही त्याचा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याच्याशी त्याच पातळीवर बोलायला हवे. फसवणुकीचा आरोप मात्र या वाक्यावर टिकत नाही. लूकला जाळ्यातली हिंसा जाणवली असावी, कारण त्याने वाक्यच बदलले. त्याच्याकडे येशू पेत्राला म्हणतो की यापुढे तू माणसे ‘झोग्रॉन’ करशील. शब्दाचा अर्थ जिवंत धरणे, जीव वाचवणे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात राहाब वेश्या यरीहो पडण्याआधी हेरांना विनवते की माझ्या आईबापांना, भावंडांना जिवंत राखा, तिथे हेच क्रियापद आहे. मग प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सैतानाच्या पाशात सापडलेल्यांसाठीही तेच क्रियापद येते. एका शब्दाच्या जोरावर कोणाला निर्दोष ठरवता येत नाही, दोषीही नाही. लूकने तो शब्द निवडला एवढे मात्र नक्की, आणि मेलेल्या माशाची उपमा माणसाला जशीच्या तशी लावणे त्याला नको होते एवढे त्यातून कळते.

तिसरा मुद्दा इतिहासाचा. गळ आणि आमिष हे रूपक खुद्द चर्चने वापरले, असे कोणी म्हटले तर तेही बरोबर आहे. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी लिहितो की ख्रिस्ताचे दैवत्व गळासारखे होते आणि त्याचे मानवी शरीर हे त्यावरचे आमिष, ते गिळले आणि आत लपलेला गळ घशात अडकला. पण हे गिळले कोणी? ग्रेगरीच्या मांडणीत ते सैतानाने गिळले. माणसे त्या गळाला लागलेली नाहीत, उलट गळ टाकल्यामुळे ती सुटली. देवाने सैतानाला असे फसवावे का, यावर पुढे ख्रिस्ती विचारवंतांत बराच खल झाला, तो वेगळा विषय. आपल्या वादाला लागू असलेली गोष्ट एवढीच की आमिषाचे सर्वांत प्रसिद्ध ख्रिस्ती रूपक माणसाला मासा करत नाही. ते विसरून आजचा प्रवचनकार शेजाऱ्याला आमिष लावण्याच्या युक्त्या शिकवत असेल तर तो पेत्राचेही ऐकत नाही आणि ग्रेगरीचेही, आणि त्याच्यावर होणाऱ्या टीकेला त्याने स्वतः दार उघडून दिलेले असते.

साधनांकडे पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते, तिच्याकडे दोन्ही बाजूंचे पुरते दुर्लक्ष आहे. हे कोळी कोण होते? १९८६ च्या जानेवारीत दुष्काळाने पाणी हटल्यावर गिनोसर किबुत्झच्या दोघा भावांना सरोवराच्या चिखलात एक होडी सापडली. ८.२ मीटर लांब, २.३ मीटर रुंद, इसवी सनाच्या आगेमागे वापरात असलेली. मुख्य लाकूड देवदार आणि ओक, पण दुरुस्त्या करताना हाताला येईल ते वापरलेले, एकूण डझनभर जातींचे, काही तुकडे दुसऱ्या होडीतून काढून बसवलेले. शेवटी उपयोगी भाग उतरवून घेऊन सांगाडा पाण्यात ढकलला असावा, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत. लाकूड इतके जपून वापरणारा माणूस सुखवस्तू नव्हे. यहुदी इतिहासकार योसेफस पहिल्या शतकात या सरोवरावरच्या होड्या गोळा केल्याचे लिहितो आणि संख्या देतो २३०. सरोवर जेमतेम २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद, म्हणजे गर्दी कमी नव्हती. काठावरच्या मग्दाला गावाचे ग्रीक नाव तारिकेआय, त्यात मासे खारवण्याचा धंदाच सांगितलेला आहे. ग्रीक भूगोलकार स्त्राबोनेही तिथल्या खारवण्याच्या मासळीची तारीफ केली आहे. कफर्णहूमच्या काठी जकातनाका होता, येशूचा पुढचा शिष्य लेवी तिथेच बसलेला सापडतो. इफिससचा एक शिलालेख नीरोच्या काळातला, इ. स. ५४ ते ५९ मधला: मासळीच्या जकातीचा नाका तिथल्या मच्छीमारांनी आणि मासेविक्यांनी स्वतः बांधून दिला होता. गालीलची करपद्धत इफिससची नव्हती, पण पाण्यातून आलेल्या मासळीवर राजसत्तेचा हात आधी पडतो हा नियम त्या जगात ओळखीचा होता. अशा माणसाला ‘माणसे धरणारा’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे नाक्यावरचा वसुलीवालाही आला असेल. त्यालाही धरले जात होतेच. गोव्यात १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध उभे राहिलेल्या रांपणकारांना, ज्यांत कितीतरी ख्रिस्ती होते, हे सांगावे लागले नसते.

आणि एवढे करून ते जाळी सोडून गेले. मार्क स्पष्ट म्हणतो, लगेच जाळी सोडून ते त्याच्यामागे गेले. मासेमारीची पद्धत हाच जर धर्मप्रसाराचा नमुना असता, तर पद्धतीचे साधन पहिल्याच पावलाला टाकून कसे दिले? प्रेषितांच्या कृत्यांत आणि पौलाच्या पत्रांत शोधून पाहा, ‘माणसांचे कोळी’ हा शब्दप्रयोग पुन्हा येत नाही. ज्या पिढीने भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने हा धर्म नेला, तिने आपल्या कामाला शेतीची, बांधकामाची, शर्यतीची, घराची उपमा दिली. मासेमारीची दिली नाही. ते एक वाक्य होते, एका सकाळी, चार विशिष्ट माणसांना, त्यांच्या हातातल्या कामावरून सुचलेले.

धंद्यातला एक शब्द मात्र पुढे गेला. याकोब आणि योहान होडीत बसून जाळी सांधत होते, तिथे मार्कने वापरलेले क्रियापद आहे ‘कातार्तिझो’: तुटलेले पुन्हा कामाजोगे करणे. वैद्य निखळलेले हाड बसवतात त्यालाही ग्रीकमध्ये त्याच घराण्यातला शब्द होता, म्हणून तो फक्त कोळ्यांचाच होता असा दावा मी करत नाही. पौल गलतीकरांना सांगतो की तुमच्यातला कोणी चुकला तर त्याला सौम्यपणे ताळ्यावर आणा, तिथे हेच क्रियापद आहे. करिंथच्या भांडणाऱ्या मंडळीला तो एकजुटीने सांधलेले व्हा म्हणतो, तिथेही. जाळे सांधताना आधी तुटलेल्या आसाच्या कडेचे कुजके धागे कापावे लागतात, मग शाबूत गाठीपासून सुरुवात करून नवा धागा एकेका आसातून त्याच मापाने नेत पलीकडच्या शाबूत गाठीला बांधायचा. माप चुकले तर तिथे ताण येऊन दुसऱ्या रात्री जाळे त्याच जागी फाटते. घाईने होणारे हे काम नाही. याकोब आणि योहान ते अर्धवट टाकून उठले, आणि होडीत जब्दी आणि त्याचे मजूर उरले. रात्री पुन्हा सरोवरावर जायचे तर उरलेले आस सूर्य मावळायच्या आत त्यांनाच भरायचे होते.